हिवाळ्याची बेगमी: खारातली काकडी घरच्या घरी

काकडीत जवळजवळ ९५ टक्के पाणीच असतं. तोडल्यावर काही दिवसांत ती लवचिक होते, मग मऊ पडते, मग बुळबुळीत. तीच काकडी बरणीत महिनोन्‌महिने करकरीत राहिली की श्रेय मिठाला दिलं जातं. मीठ मदतीला असतंच, पण काकडी टिकवतं ते आम्ल. खाराचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा करणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जंतू त्यात वाढू शकत नाही. नीट जमलेल्या बरणीत हा आकडा बराच खाली, ३.५ च्या आसपास असतो.

हे आम्ल बरणीत दोन वाटांनी येतं. एक तर आपण ते व्हिनेगरच्या रूपात ओततो. नाहीतर काकडी मिठाच्या पाण्यात ठेवतो आणि तिच्या सालीवरचे जिवाणूच हळूहळू लॅक्टिक आम्ल तयार करतात. पहिल्या वाटेनं काम एका दिवसात उरकतं. दुसरीला तीन-चार आठवडे लागतात, पण चव खोल येते. कुठलीही निवडा, फक्त दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळू नका. मिठाच्या पाण्यातली काकडी पहिल्याच दिवशी बरणीसकट उकळून झाकण घट्ट लावलं, तर आम्ल बनवणारे जिवाणू मरतात, आम्ल तयारच होत नाही, आणि हाती येते ती हवाबंद, आम्लाविना बरणी. दिसायला सुरेख, खायला धोकादायक. तसंच व्हिनेगरच्या पद्धतीत ‘फार आंबट होईल’ म्हणून व्हिनेगर निम्मं केलं, तर तिथे मागाहून आम्ल बनवायला कोणी नसतं. एवढं मनात पक्कं बसलं की पुढची प्रत्येक पायरी का आहे ते आपोआप कळत जातं.

काकडी कशी घ्यायची

निम्मं यश इथेच ठरतं. लोणच्यासाठी वेगळ्या जातीची आखूड काकडी मिळते: बोटभर ते जास्तीत जास्त १०-१२ सेंटीमीटर लांब, सालीवर बारीक गाठी, आत कोवळ्या बिया. साल पातळ असल्यामुळे खार आत सहज शिरतो. कोशिंबिरीची लांब काकडी पाणीदार असते, तिच्या बिया मोठ्या असतात. अख्खी घातली तर ती मधून लगदा होते. तीच हाताशी असेल तर जाड चकत्या करून व्हिनेगरच्या पद्धतीनं फ्रीजपुरती करा, हिवाळाभर ठेवायच्या बरणीत घालू नका.

सालीवर मेणाचा थर दिलेली काकडीही घेऊ नका, त्यातून खार आत जात नाही. नखानं हलकं खरवडून पाहिलं की मेण लगेच कळतं. पिवळट पडलेल्या काकड्याही बाजूला ठेवा, त्या जून झालेल्या असतात. आकारानं शक्य तितक्या एकसारख्या निवडा, म्हणजे एक मुरली आणि दुसरी मधून कच्ची असं होत नाही.

तोडल्यापासून २४ तासांच्या आत बरणीत गेलेली काकडी सर्वांत चांगली. तेवढी ताजी मिळाली नाही, तर बर्फाच्या पाण्यात दोन ते सहा तास बुडवून ठेवा. गमावलेलं पाणी ती परत शोषून घेते आणि ताठ होते. ही पायरी ताज्या काकडीलाही मानवते, म्हणून मी ती कधी वगळत नाही. भिजवतानाच एक चाळणी होऊन जाते: जी काकडी उगाच वर तरंगते ती बहुधा आतून पोकळ असते. ती बाजूला काढा आणि तशीच खाऊन टाका.

एक काकडी चाखूनही बघा. कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यामुळे येतो आणि मुरल्यावर तो जाईल याचा भरवसा नसतो. चाखलेली कडू निघाली तर त्या वेलाच्या बाकीच्याही चाखून घ्या.

मीठ, पाणी, बरणी

मीठ चमच्यानं मोजू नका, वजन करा. जाड्या मिठाचा एक चमचा आणि बारीक मिठाचा एक चमचा यांच्या वजनात मोठा फरक पडतो, आणि आंबवण्याच्या पद्धतीत हा फरक बरणी बिघडवायला पुरेसा असतो. साधं, काहीही न मिसळलेलं मीठ उत्तम. आयोडीनयुक्त मिठानं आंबणं थांबत नाही, मात्र मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जे घातलेलं असतं त्यानं खार गढूळ होतो आणि मग तो गढूळपणा आंबण्याचा की मिठाचा हे कळेनासं होतं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी उकळून पूर्ण थंड करून घ्या. ज्या जिवाणूंनी काम करायचं त्यांनाच ते त्रास देतं. फार जड पाणी टाळा. त्यातले क्षार आम्ल तयार होण्यात अडथळा आणतात, आणि लोह जास्त असेल तर काकडी काळपट होते.

भांडं काचेचं, शिसं नसलेल्या चकाकीची चिनी मातीची बरणी, नाहीतर खाद्यपदार्थांसाठीचं प्लॅस्टिक. खार उकळायला स्टीलचं पातेलं. तांबं, पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा दिलेली भांडी आम्लाच्या जवळही नेऊ नका. बरण्या गरम पाण्यानं आणि साबणानं धुवा, साबणाचा वास राहणार नाही इतक्या खळबळून घ्या. काठावर टवका उडालेली बरणी रोजच्या वापराला ठेवा, या कामाला नको.

पहिली वाट: मिठाच्या पाण्यात आंबवलेली काकडी

तीन लिटरच्या बरणीला साधारण १.७ किलो काकडी आणि दीड लिटर खार लागतो. खाराचं प्रमाण सोपं आहे: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम मीठ. हिवाळाभर ठेवायची असेल किंवा खोली जरा उबदार असेल तर ६० ग्रॅम घ्या. हा खार चाखला तर जीभ आखडते आणि नवखा माणूस घाबरून मीठ कमी करतो. करू नका. हळूहळू मीठ काकडीत शिरतं, काकडीतलं पाणी खारात उतरतं, आणि काही दिवसांत बरणीभर मिठाचं प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. म्हणजे आज जे जहाल खारट वाटतंय ते खाताना बेताचंच लागणार असतं.

मिठाचं इथलं काम निवड करण्याचं आहे. काकडीच्या सालीवर कुजवणारे जिवाणूही असतात आणि लॅक्टिक आम्ल बनवणारेही. या प्रमाणात मीठ असलं की कुजवणारे मागे पडतात आणि आम्लवाले पुढे सरकतात. त्यामुळे वेगळं विरजण लागत नाही. मीठ फार कमी पडलं तर काकडी मऊ होऊन कुजते, फार जास्त पडलं तर आंबणंच रखडतं.

पाणी जरा कोमट करून त्यात मीठ विरघळवा आणि खार पूर्ण थंड होऊ द्या. तोवर काकड्या मऊ ब्रशनं, साल न दुखावता धुवून घ्या. गाठींच्या खाचांत माती दडून बसते. साल काढायची नाही.

मग एक छोटं, पण या सगळ्या कामातलं बहुधा सर्वांत मोलाचं पाऊल. प्रत्येक काकडीचं फुलाकडचं टोक, म्हणजे देठाच्या विरुद्ध बाजूचं, दोन मिलिमीटर कापून टाका. तिथे सुकलेल्या फुलाचा अंश किंवा लहान गोल व्रण दिसतो. त्या जागी अशी विकरं (एन्झाइम) असतात जी काकडीतलं पेक्टिन, म्हणजे तिला करकरीत ठेवणारं द्रव्य, तोडतात, आणि पेक्टिन तुटलं की काकडी लिबलिबीत झालीच म्हणून समजा. टोक कुठलं हे कळत नसेल तर दोन्ही बाजू कापा, काही बिघडत नाही.

द्राक्षवेलीची, ओकची किंवा चेरीची पानं घालण्याची पद्धत याच कारणासाठी आली आहे. पानांतलं टॅनिन त्या विकरांना आवरतं. तीन-चार पानं, धुतलेली, औषध न फवारलेली, जरूर घाला. चवीलाही ती छान लागतात. मात्र पानं घातली म्हणून टोक कापायचं सोडू नका, खात्रीचा उपाय टोक कापणं हाच आहे.

तीन लिटरच्या बरणीला मसाला असा: बी धरू लागलेल्या शेपूचे तीन-चार तुरे किंवा दोन मोठे चमचे बाळंतशेप, लसणाच्या आठ-दहा सोललेल्या पाकळ्या, दहा-बारा मिरे, एक छोटा चमचा मोहरी, दोन तमालपत्रं, आणि तिखट हवं असेल तर एक-दोन सुक्या लाल मिरच्या. सगळं अख्खं. कुटलेल्या मसाल्यानं खार गढूळ होतो आणि पूड काकडीला चिकटून बसते. लवंग, दालचिनी घालणारे आहेत, पण माझ्या मते या काकडीची खरी चव शेपू आणि लसूण हीच, आणि लवंग ती झाकून टाकते.

निम्मा मसाला आणि पानं तळाशी टाका. मोठ्या काकड्या खाली उभ्या, दाटीवाटीनं लावा. मोकळ्या ठेवल्या की खार भरताच तरंगायला लागतात. वरच्या थराला लहान काकड्या आडव्या अशा बसवा की त्या बरणीच्या खांद्याखाली अडकतील आणि खालच्यांना दाबून धरतील. उरलेला मसाला टाका, थंड खार काकड्या पूर्ण बुडेपर्यंत ओता, आणि तोंडाशी तीन-चार सेंटीमीटर जागा मोकळी सोडा. आंबताना खार वर चढतो.

आता वर दडपण ठेवायचं. काचेचं छोटं वजन, बरणीत उतरेल एवढी जाड वाटी, किंवा खार भरलेली जाड पिशवी. पिशवीत साधं पाणी न भरता त्याच प्रमाणाचा खार भरा, म्हणजे ती गळली तरी बरणीतलं मीठ पातळ होणार नाही. काकडीचा एकही भाग खाराबाहेर राहता कामा नये. खाराखाली हवा पोचत नाही, त्यामुळे बुरशीला तिथे वाढता येत नाही. ती सुरू होते ती वर डोकावणाऱ्या टोकावर.

बरणीला झाकण सैल लावा किंवा स्वच्छ कापडाचा दादरा बांधा. फिरकीचं झाकण घट्ट आवळून विसरू नका, आत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि बरणी फुटू शकते. खाली ताट ठेवा, पहिल्या आठवड्यात खार उतू जाण्याची शक्यता असते.

रोज काय बघायचं

बरणी उन्हापासून दूर, २१ ते २४ अंश सेल्सिअसच्या जागी ठेवली तर तीन ते चार आठवड्यांत काकडी तयार होते. १३ ते १८ अंशांत पाच-सहा आठवडे लागतात, आणि या संथ आंबण्यानं चव गोलाईदार येते. २७ च्या वर मात्र काकडी मऊ पडण्याचा धोका वाढतो. घरात तेवढी उष्णता असेल तर दिवस थंड होईपर्यंत थांबा किंवा सरळ व्हिनेगरची वाट धरा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खार दुधाळ होऊ लागतो, बारीक बुडबुडे वर येतात. इथे बरेच जण बरणी बिघडली म्हणून ओतून देतात. वास्तविक काम सुरू झाल्याची ही खूण आहे. ताज्या काकडीचा हिरवागार रंगही जातो आणि ती शेवाळी-पिवळसर होते, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं. बाजारात मुरलेली काकडी लखलखीत हिरवी दिसली तर तिथे रंगाची मदत घेतलेली असू शकते. आपल्या बरणीत तो हिरवा टिकवण्याची धडपड करू नका.

खार कमी झाला तर त्याच प्रमाणाचा ताजा, थंड खार वरून घाला. नुसतं पाणी घालू नका.

वर कधी पांढरी, पातळ, सुरकुतल्यासारखी साय येते. ती यीस्टची असते. ती घातक नाही, पण तिला राहू दिलं तर ती आम्ल खाते आणि चव उतरवते. म्हणून दिसली की स्वच्छ चमच्यानं काढा, दडपण धुवून परत ठेवा. लव असलेली, हिरवी, काळी किंवा गुलाबी वाढ मात्र बुरशीची, आणि नवख्यानं तिथे जोखीम घेऊ नये: अख्खी बरणी टाकून द्यावी. काकड्या हाताला बुळबुळीत लागल्या किंवा आंबट वासाऐवजी कुजका वास आला तरी तेच. चाखून खात्री करायला जाऊ नका.

झाली का?

एक काकडी आडवी कापा. कच्च्या काकडीचा गर पांढरा, अपारदर्शक असतो. मुरत जाते तशी ती सालीकडून आत काचेसारखी पारदर्शक होत जाते. मध्यभागी पांढरा ठिपका असेल तर अजून थांबायचं. पूर्ण पारदर्शक झाली, बुडबुडे थांबले आणि आंबट चव स्थिरावली की झाली. पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्या आणून ठेवाच. चारच्या खालचा आकडा दिसला की मन निर्धास्त होतं. चार आठवड्यांनंतरही आकडा ४.६ च्या वर असेल तर ती बरणी खाण्यात आणू नका.

अर्धवट मुरलेली काकडी, आठवड्याभराची, आतून अजून पांढरी आणि सालीला आंबट, हीसुद्धा फार चवदार लागते. ती लगेच फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवा. हिवाळ्यासाठी ठेवायची ती पूर्ण मुरलेलीच.

ठेवायचं कुठे? सर्वांत सोपं म्हणजे फ्रीजमध्ये, खारात बुडालेली. तिथे ती चार ते सहा महिने चांगली राहते, मधूनमधून वरची साय काढत राहायची. जागा नसेल तर बरण्या हवाबंद करता येतात. त्यासाठी खार गाळून सावकाश उकळी आणा आणि पाच मिनिटं मंद आचेवर ठेवा. काकड्या स्वच्छ, गरम बरण्यांत भरा, गरम खार ओता आणि पुढे सांगितल्याप्रमाणे बरण्या पाण्यात उकळा. यात जिवंत जिवाणू मरतात, काकडी किंचित नरमही होते. मला विचाराल तर फ्रीजमध्ये मावेल तेवढी तशीच ठेवा आणि उरलेलीच हवाबंद करा.

दुसरी वाट: व्हिनेगर

इथे थांबणं कमी आणि मोजणं जास्त. व्हिनेगरच्या बाटलीवर ॲसिटिक आम्लाचं प्रमाण छापलेलं असतं. हवाबंद करून कपाटात ठेवायच्या बरणीला ते किमान ५ टक्के हवं. ४ टक्क्यांचं असेल तर ते फक्त फ्रीजमधल्या काकडीला वापरा. घरी बनवलेलं व्हिनेगर चवीला कितीही छान असलं तरी त्यातलं आम्ल आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून तेही फ्रीजपुरतंच. तीव्र ॲसिटिक आम्ल पातळ करून वापरण्याच्या फंदात नवख्यानं पडू नये. त्यानं कातडी भाजते आणि मोजमापाची चूक महागात पडते.

एक लिटरच्या बरणीला सुमारे ६०० ग्रॅम काकडी. खारासाठी २५० मिलिलिटर व्हिनेगर, २५० मिलिलिटर पाणी, २० ते २५ ग्रॅम मीठ आणि चवीला एक मोठा चमचा साखर. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, हे प्रमाण व्हिनेगरच्या बाजूला झुकलं तर चालेल, पाण्याच्या बाजूला कदापि नाही. आंबटपणा बोचत असेल तर साखर वाढवा. साखरेनं जीभ निवते आणि आम्ल आहे तेवढंच राहतं. मिठाचं काम या पद्धतीत मुख्यतः चवीचं असल्यामुळे त्यात थोडं इकडेतिकडे झालेलं चालतं.

धुणं, भिजवणं, टोक कापणं सगळं आधीसारखंच. मसालाही तोच, तीन लिटरच्या एक तृतीयांश. बरणी गरम पाण्यात ठेवून गरम राखा, नाहीतर उकळता खार ओतताच काच तडकते. मसाला, काकड्या भरा, उकळता खार ओता, वर सव्वा सेंटीमीटर जागा सोडा. लाकडी काडी बरणीच्या कडेनं फिरवून अडकलेले हवेचे बुडबुडे सोडवा आणि खार खाली गेला तर परत भरा. काठ ओल्या स्वच्छ कापडानं पुसा. तिथे बीचा एक कण राहिला तरी झाकण धरत नाही.

फक्त फ्रीजमध्ये ठेवायची असेल तर इथेच थांबा. गार झाली की झाकण लावून आत टाका. चकत्या दोन-तीन दिवसांत खाण्याजोग्या होतात, अख्ख्या काकड्यांना आठवडाभर तरी द्या. दीड-दोन महिन्यांत संपवा.

बरण्या पाण्यात उकळणं

उंच पातेल्याच्या तळाशी जाळी किंवा जाड कापडाची घडी ठेवा, बरणी थेट धातूवर टेकली तर फुटते. त्यात गरम पाणी घ्या, बरण्या उतरवा, पाणी झाकणांच्या वर दोन-तीन सेंटीमीटर हवं. खळखळून उकळी आल्यापासून वेळ धरायची: अर्ध्या लिटरच्या बरणीला १० मिनिटं, एक लिटरच्या बरणीला १५. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर राहत असाल तर पाच मिनिटं वाढवा, १८०० च्या वर दहा. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं म्हणून ही भर. एक लिटरहून मोठी बरणी घरी अशी उकळू नका, मध्यापर्यंत उष्णता पोचल्याची खात्री नसते.

थर्मामीटर असेल तर काकडी जास्त करकरीत ठेवणारा एक मार्ग आहे. बरण्या ५० ते ६० अंशांच्या पाण्यात उतरवा, पाणी ८२ अंशांवर आणा आणि ८२ ते ८५ च्या मध्ये सलग ३० मिनिटं राखा. ८२ च्या खाली गेलं तर काम होत नाही, ८५ च्या वर गेलं तर पेक्टिन विरघळायला लागतं आणि काकडी नरमते. पूर्ण अर्धा तास पातेल्यापाशी उभं राहावं लागतं, पण पहिल्याच घासाला त्याचं चीज होतं. थर्मामीटरशिवाय अंदाजानं हे करू नका.

बाहेर काढलेल्या बरण्या कापडावर, एकमेकींपासून अंतर ठेवून, सरळ उभ्या गार होऊ द्या. उलट्या करायच्या नाहीत. १२ ते २४ तासांनी झाकणाच्या मध्यावर बोट दाबा. ते आत ओढलेलं आणि स्थिर असेल तर बंद बसलं. टक-टक वाजत खालीवर झालं तर ती बरणी फ्रीजमध्ये टाका आणि आधी संपवा. बाकीच्या थंड, अंधाऱ्या जागी तीन-चार आठवडे मुरू द्या. तारीख आणि मिठाचं प्रमाण चिठ्ठीवर लिहून चिकटवा, पुढच्या मोसमात त्याचा फार उपयोग होतो.

काही नेहमीच्या अडचणी

काकडी मऊ पडली तर आधी फुलाकडचं टोक आठवा, मग मीठ, मग खोलीची उष्णता. बहुतेक वेळा या तिघांपैकीच एक कारण निघतं. करकरीतपणासाठी कॅल्शियम क्लोराइड चिमूटभर घालता येतं, ते पेक्टिनला घट्ट बांधतं. ते मात्र खाद्यपदार्थांसाठी बनवलेलंच हवं. चुन्याच्या निवळीत काकडी भिजवण्याचा सल्लाही पुष्कळ ठिकाणी मिळतो. त्यानं काकडी कडक होते हे खरं, पण चुना आम्ल मारतो, आणि नीट धुतला गेला नाही तर बरणीचा सगळा आधारच खचतो. नवख्यांनी हा उपाय सोडून द्यावा. तुरटीनं व्हिनेगरच्या काकडीत फारसा फरक पडत नाही.

आतून पोकळ, फुगीर निघालेली काकडी खायला चालते. एक तर ती मुळातच पोकळ होती, नाहीतर आंबताना तयार झालेला वायू आत साचला. मोठ्या काकड्यांना बरणीत घालण्याआधी काट्यानं एक-दोनदा टोचलं तर हे कमी होतं.

लसूण निळा-हिरवा होतो तेव्हा घाबरायला होतं. लसणातली गंधकयुक्त द्रव्यं आणि आम्ल यांच्यामुळे हा रंग येतो, तो निरुपद्रवी आहे. आंबवलेल्या बरणीच्या तळाशी बसलेला पांढरा गाळसुद्धा काम संपलेल्या जिवाणूंचा आणि यीस्टचा असतो, तोही चालतो. पण हवाबंद केलेल्या बरणीचं झाकण फुगलेलं असेल, उघडताच खार उसळला किंवा वास वेगळा आला, तर न चाखता सगळं टाकून द्या, आणि मुलं किंवा जनावरं तोंड लावणार नाहीत अशा ठिकाणी टाका.

रक्तदाबामुळे मीठ जपून खावं लागणाऱ्यांनी आंबवलेली काकडी बेतानं घ्यावी. खारातलं मीठ कमी करून ती ‘हलकी’ करता येत नाही. व्हिनेगरच्या काकडीत ती सोय आहे.

उघडलेली बरणी फ्रीजमध्येच ठेवायची, काकडी कोरड्या, स्वच्छ चमच्यानं काढायची आणि उरलेल्या काकड्या खाराखाली दाबून ठेवायच्या. काकडी संपल्यावर राहिलेला खार टाकून देऊ नका. सारात, भाताच्या पाण्यात, उकडलेल्या बटाट्यावर तो मीठ-आंबट दोन्हींची जागा घेतो. फक्त त्यातच नव्या काकड्या भरून दुसरी हवाबंद बरणी करू नका, कारण पहिल्या काकड्यांच्या पाण्यानं त्यातलं मीठ आणि आम्ल आधीच पातळ झालेलं असतं.